छोटं, कुणी न ऐकलेलं लिबरल आर्ट्स कॉलेज: लेकीला पाठवावं का?

लेकीची_आई | १० एप्रिल

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय, विभाग चुकला असेल तर अ‍ॅडमिननी हलवावा.

आम्ही अमेरिकेत, मिडवेस्टमध्ये. लेक हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला आहे, १ मेच्या आत डिपॉझिट भरायचंय आणि घरात रोज रात्री जेवणं आटपली की हाच विषय. पर्याय दोनच उरलेत. एक म्हणजे आमच्या राज्याची मोठी स्टेट युनिव्हर्सिटी, राहणं-खाणं धरून साधारण ३३ हजार डॉलर वर्षाला. दुसरं शेजारच्या राज्यातलं छोटं लिबरल आर्ट्स कॉलेज (मुख्यतः पदवीपर्यंतच शिकवणारं, कला-विज्ञान सगळे विषय असणारं), जेमतेम हजार-अकराशे मुलं, गावात एक सिग्नल. नाव मुद्दाम लिहीत नाही, लिहिलं तरी तुम्ही ऐकलं नसणार, आम्हीपण त्यांचं पत्रक घरी आलं तेव्हाच ऐकलं. छापील किंमत ६८ हजार पण ३८ हजारांची मेरिट स्कॉलरशिप दिलीय, म्हणजे ३० हजारांत पडतंय, मोठीपेक्षा ३ हजारांनी स्वस्तच!

लेकीला केमिस्ट्री किंवा बायोकेमिस्ट्री करायचंय, पुढे पीएचडी डोक्यात आहे (निदान आज तरी). अ‍ॅडमिशन मिळालेल्यांसाठी एक दिवस ठेवतात त्याला गेलो होतो. ऑरगॅनिक केमिस्ट्रीच्या वर्गात बसू दिलं, पंधराएक मुलं असतील, बाई एकेकाला नावाने हाक मारत होत्या. एका मुलाने फळ्यावर मेकॅनिझम काढताना बाण उलटा काढला तर त्यांनी पुसला नाही, त्यालाच विचारत विचारत मागे नेलं, त्याचं त्यालाच सापडेपर्यंत. लेक तिथेच विरघळली. नवऱ्याचं लक्ष भलतीकडेच, त्याला लॅबमधल्या दोन फ्यूम हूडवर (रसायनांच्या वाफा ओढून घेणारं कपाट) 'बंद आहे' असा पिवळा पडलेला कागद दिसला, आणि बाहेर फुटबॉलचं टर्फ मात्र नवं कोरं.

नातेवाईकांचं तर विचारूच नका. "कुठलं म्हणालीस? पुन्हा सांग?" हे इतक्यांदा झालंय की लेक आता नुसतं "ओहायोच्या बाजूला" एवढंच सांगते. कुणाचा अनुभव असेल तर प्लीज लिहा.

उंटावरचा_शहाणा | १० एप्रिल

स्टेट युनिव्हर्सिटी. विषय संपला. ३ हजारांसाठी नाव सोडायचं? उद्या रेझ्युमेवर काय लिहिणार, "एक सिग्नलवालं गाव"? शिवाय नोकरीच्या जत्रा मोठ्या ठिकाणीच भरतात, कंपन्या हजार मुलांसाठी गाडी काढून येत नाहीत.

पाणकोंबडी | १० एप्रिल

काका, विषय इतक्यात कसा संपेल, मी अशाच एका कॉलेजातून फिजिक्स केलंय. पहिल्या नोकरीच्या वेळी एचआरच्या बाईंना कॉलेजच्या नावाचं स्पेलिंग सांगावं लागलं हे खरं, दुसऱ्या नोकरीपासून कुणी शिक्षण कुठे झालं हे विचारलंसुद्धा नाही.

चांगलं आधी लिहिते. दुसऱ्या वर्षापासून मी प्रोफेसरच्या लेझर सेटअपवर काम करत होते कारण तिथे ग्रॅड स्टुडंट (एमएस-पीएचडी करणारा) नावाचा प्राणीच नव्हता, जे काय करायचं ते आम्हीच. मोठ्या ठिकाणी त्या वयात मला बाटल्या धुवायला मिळाल्या असत्या. शिफारसपत्रं लिहिणाऱ्यांनी मला चार वर्षं पाहिलं होतं, आणि ग्रॅड स्कूलला ते पत्र किती चालतं हे अर्ज केल्यावरच कळतं. आमच्याकडे प्रबंध ऐच्छिक होता पण ओहायोतल्या वूस्टर कॉलेजला तर प्रत्येक मुलाला शेवटच्या वर्षी स्वतंत्र संशोधन करावंच लागतं, विषय कुठलाही असो.

आता वाईट. वरच्या लेव्हलचे कोर्सेस एक वर्षाआड. मला हवा होता तो क्वांटमचा दुसरा भाग ज्या वर्षी होता त्याच वर्षी सर सबॅटिकलवर (संशोधनाच्या लांब रजेवर) गेले, झालं, बोंबला. थँक्सगिव्हिंगला सगळे घरी जातात, डायनिंग हॉल बंद, विमानतळ दोन तासांवर. आणि हजार मुलांचं कॉलेज म्हणजे चाळ असते, एका खोलीत शिंकलं की चौथ्या खोलीतून "बरी आहेस ना" येतं. ब्रेकअप झालं तर तो माणूस रोज जेवताना समोर. काही मुलींना तिसऱ्या वर्षी अक्षरशः गुदमरायला झालेलं बघितलंय. तुमची लेक कशी आहे त्यावर आहे हे.

मास्तर | ११ एप्रिल

अशाच एका कॉलेजात शिकवतो (दुसऱ्या राज्यात, दुसरा विषय), त्यामुळे पक्षपाती आहे हे गृहीत धरून वाचा.

लिबरल आर्ट्स म्हटलं की आपल्याकडे लोकांना वाटतं नुसती कविता आणि तत्त्वज्ञान. सायन्सची परंपरा तिथे जुनी आहे. नोबेलविजेती जेनिफर डाउडना पोमोना कॉलेजची केमिस्ट्रीची विद्यार्थिनी, १९८९ चं केमिस्ट्रीचं नोबेल मिळालेले टॉमस चेक ग्रिनेल कॉलेजचे, इंटेलच्या संस्थापकांपैकी रॉबर्ट नॉइस पण ग्रिनेलचेच. १९४६ च्या केमिस्ट्रीच्या नोबेलमध्ये वाटेकरी असलेले वेंडेल स्टॅन्ली तर इंडियानातल्या अर्लम कॉलेजचे, जे तेव्हाही छोटं होतं आणि आजही आहे. मुलांच्या संख्येच्या प्रमाणात बघितलं तर रीड, स्वार्थमोर, कार्लटन ही कॉलेजं पीएचडीला जाणाऱ्या मुलांच्या यादीत सतत वर असतात.

पण (हा पण मोठा आहे) ही नावं दाखवून तुमच्याकडचं अनोळखी कॉलेज विकलं जातं, तिथे सावध राहा. ग्रिनेलकडे दोनेक अब्ज डॉलरच्या वरचा एंडोमेंट (देणग्यांतून जमवून गुंतवलेला निधी) आहे आणि मुलं १७००-१८००. हजार मुलांच्या, जेमतेम हातातोंडाशी गाठ असलेल्या कॉलेजला तोच फळा, तोच गोल टेबलांचा वर्ग असतो, पण मागे पैसा नसतो. शिवाय रीडला जातात तीच मुलं ज्यांना मुळात पीएचडी करायची असते, त्यातलं कॉलेजचं श्रेय किती आणि मुलांचं किती हे वेगळं काढता येत नाही.

म्हणून कॉलेजला न विचारता डिपार्टमेंटला विचारा. केमिस्ट्रीचे कायमस्वरूपी प्राध्यापक किती, गेल्या ५ वर्षांत पास झालेली प्रत्येक मुलगी-मुलगा आज कुठे आहे, यादी द्या म्हणावं. वर्षाला आठ-दहा मुलं असतात, प्राध्यापकाला तोंडपाठ असतं. "९७ टक्के विद्यार्थी ६ महिन्यांत नोकरीत किंवा पुढच्या शिक्षणात" असलं माहितीपत्रकातलं वाक्य ऐकून घ्या आणि विचारा की पास झालेल्यांपैकी किती जणांची माहिती मिळाली त्याचे हे ९७ टक्के. मेडिकलला जाणाऱ्यांच्या आकड्यांतही गोम असते, काही कॉलेजांत कच्च्या मुलांना मेडिकलच्या अर्जासाठी लागणारं कॉलेजच्या कमिटीचं शिफारसपत्रच देत नाहीत, मग टक्केवारी छानच येणार.

अजून एक, अमेरिकन केमिकल सोसायटीची मान्यता आहे का बघा, यादी त्यांच्या साइटवर असते. त्यासाठी एनएमआर यंत्रापासून (रेणूची रचना दाखवणारं) लॅबच्या तासांपर्यंत अटी असतात, त्यामुळे फ्यूम हूडच्या कागदापेक्षा तो जास्त भरवशाचा पुरावा.

झुंबर | ११ एप्रिल

वाचतेय. माझा दहावीत आहे, पुढच्या दोन वर्षांत हेच भोगायचंय.

आकडेमोड | ११ एप्रिल

ताई, आधी तो ३ हजारांचा हिशोब. स्कॉलरशिप ३८ हजार *फिक्स* आहे की फीबरोबर वाढते? बहुतेक ठिकाणी फिक्स असते. एकूण खर्च वर्षाला ४ टक्के वाढला असं धरा. ६८ चे ७०.७, मग ७३.५, चौथ्या वर्षी ७६.५ हजार. त्यातून ३८ वजा केले की तुमच्या खिशातून ३०, ३२.७, ३५.५ आणि ३८.५, चार वर्षांचे १ लाख ३७ हजारांच्या आसपास. स्टेटचे ३३ हजारपण ४ टक्क्यांनी वाढवले तर होतात १ लाख ४० हजार. म्हणजे ज्या १२ हजारांची बचत तुम्ही धरलीय ती प्रत्यक्षात ३ हजार, तीही चार वर्षांत मिळून! आणि जीपीएची (सरासरी गुणांची) अट असेलच, ती ३.० असेल तर ऑरगॅनिक केमिस्ट्रीच्या वर्षी जरा धाकधूक राहणार. पैशासाठी छोटं कॉलेज घेताय असं असेल तर ते कारण खोडून टाका, बाकीच्या कारणांवर ठरवा.

३८ हजारांनी हुरळून पण जाऊ नका. खासगी कॉलेजांत पहिल्या वर्षाच्या मुलांना ट्यूशनवर सरासरी ५० टक्क्यांच्या वर सूट मिळते असं कॉलेजांच्या फायनान्सवाल्यांच्या संघटनेचाच सर्व्हे सांगतो. छापील किंमत जवळपास कुणीच भरत नाही. कॉलेजच्या कॉमन डेटा सेटमध्ये (कॉलेजं स्वतःची आकडेवारी ठराविक साच्यात देतात तो) एच विभागात बघा, मेरिट किती जणांना आणि सरासरी किती ते तिथे असतं. आय विभागात वर्गांचे आकार, बी मध्ये पहिल्या वर्षानंतर किती टक्के मुलं परत आली. तो शेवटचा आकडा मी सगळ्यात आधी बघतो. तिथे ७० च्या खाली असेल तर मुलं का पळतायत हे शोधायला लागा.

आता खरा मुद्दा, हे कॉलेज चार वर्षं टिकेल का. अमेरिकेत २००७ साली विक्रमी म्हणजे ४३ लाखांच्या वर जन्म झाले आणि त्यानंतर आकडा घसरत गेला. २००७ मध्ये १८ मिळवा. मुलंच कमी होणार आहेत, आणि त्याचा फटका आधी असल्या कॉलेजांना बसतो, विल्यम्स-अ‍ॅम्हर्स्टसारख्या श्रीमंत कॉलेजांना नाही. ते फुटबॉलचं टर्फ उगाच नाहीये, डिव्हिजन ३ मध्ये (कॉलेजांच्या खेळांचा तिसरा गट) खेळाची स्कॉलरशिप देता येत नाही, त्यामुळे टीम काढली की शंभरेक फी भरणारी मुलं येतात. धंद्याच्या दृष्टीने बरोबरच आहे ते, फ्यूम हूड बघून कोण येतंय.

तपासायचं कसं: कॉलेज ना-नफा संस्था असेल तर आयआरएसचा (कर खात्याचा) ९९० फॉर्म, म्हणजे वार्षिक हिशोब, सार्वजनिक असतो, प्रोपब्लिका या वृत्तसंस्थेच्या साइटवर नाव टाकलं की फुकट मिळतो. पहिल्याच पानावर यंदाची आणि गेल्या वर्षीची जमा, खर्च, वजाबाकी. मग शेड्यूल डी काढा, त्यात एंडोमेंटचा ५ वर्षांचा ताळेबंद असतो, सुरुवातीची शिल्लक, देणग्या, गुंतवणुकीचं उत्पन्न, काढलेली रक्कम. बाजार वर असूनही शिल्लक खाली येत असेल तर घर विकून जेवण चाललंय. त्यातला किती हिस्सा कायमचा बांधलेला आहे तेही तिथेच कळतं, कारण देणगीदाराने बांधून दिलेला पैसा पगाराला वापरता येत नाही. याशिवाय शिक्षण खातं दर वर्षी खासगी कॉलेजांना उणे १ ते ३ मध्ये एक आर्थिक स्कोअर देतं, १.५ च्या वर म्हणजे ठीक. हा स्कोअर जुन्या हिशोबांवर असतो, म्हणून एकट्यावर विसंबू नका. आणि अ‍ॅक्रेडिटेशन (कॉलेजची मान्यता) देणाऱ्या संस्थेच्या साइटवर कॉलेजचं नाव टाकून वॉर्निंग किंवा प्रोबेशन आहे का ते वाचा.

उंटावरचा_शहाणा | ११ एप्रिल

हेच म्हणत होतो फक्त एवढं लांब नाही. वेल्स कॉलेज, न्यूयॉर्क राज्यातलं, १८६८ चं. २०२४ मध्ये २९ एप्रिलला जाहीर केलं की हे सेमिस्टर संपलं की बंद. २९ एप्रिल! १ मेला डिपॉझिट भरायला बसलेल्या आईबापांचं काय झालं असेल. त्याच वर्षी फिलाडेल्फियाची युनिव्हर्सिटी ऑफ द आर्ट्स आठवड्याभरात बंद. हे घ्या तुमचं गोल टेबल.

पाणकोंबडी | ११ एप्रिल

युनिव्हर्सिटी ऑफ द आर्ट्स हे लिबरल आर्ट्स कॉलेज नव्हतं काका, कलाशिक्षणाची संस्था होती. पण मुद्दा मान्य. उलटी उदाहरणंपण आहेत, व्हर्जिनियातलं स्वीट ब्रायर २०१५ मध्ये बंद होणार म्हणून जाहीर झालं आणि माजी विद्यार्थिनींनी पैसे उभे करून, कोर्टात जाऊन ते वाचवलं, आजही चालू आहे. बर्मिंगहॅम-सदर्नचं तर फारच विचित्र, ३१ मे २०२४ ला कॉलेज बंद झालं तेव्हा त्यांची बेसबॉल टीम डिव्हिजन ३ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये खेळत होती. कॉलेज नाही, टीम आहे.

भाचेबुवा | १२ एप्रिल

धागा थोडा भरकटवतो, माफी. भाचा भारतातून अर्ज करतोय, एफ-१ वर (विद्यार्थी व्हिसावर) येईल. त्याला पण असंच एक छोटं कॉलेज ५० टक्के सूट देतंय. वरचं सगळं त्याला लागू का?

पाणकोंबडी | १२ एप्रिल

लागू, आणि वर थोडं जास्त. परदेशी मुलांना मदतीच्या बाबतीत बहुतेक कॉलेजं हात आखडता घेतात, पैसे मागितले की अ‍ॅडमिशनवर परिणाम होतो. अ‍ॅम्हर्स्ट, बोडन अशी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच तसं बघत नाहीत. कॉलेज बंद पडलं तर इथली मुलं निदान घरी जाऊन विचार करतील, एफ-१ वाल्याला मात्र मुदतीत दुसरीकडे सेविस रेकॉर्ड (सरकारकडची परदेशी विद्यार्थ्याची नोंद) हलवावं लागतं नाहीतर गाशा गुंडाळा. ओपीटी (शिकून झाल्यावर इथे काम करायची मुभा) १२ महिने, विषय स्टेममध्ये (विज्ञान-तंत्रज्ञान-गणित) बसत असेल तर अजून २४, त्यामुळे मेजरचा (मुख्य विषयाचा) सीआयपी कोड, म्हणजे विषयाचा सरकारी क्रमांक, काय आहे ते आत्ताच विचारा. इकॉनॉमिक्स काही ठिकाणी साध्या कोडखाली असतं, काही ठिकाणी इकॉनोमेट्रिक्सच्या कोडखाली जो स्टेममध्ये धरतात. दोन वर्षांचा फरक पडतो एका कोडने. आणि त्या कॉलेजचं इंटरनॅशनल ऑफिस म्हणजे एकच बाई अर्धवेळ असं नाही ना तेही बघा, मी गमतीने नाही म्हणत.

मास्तर | १२ एप्रिल

भाचेबुवा, एक जोड. सायन्सच्या मुलांसाठी उन्हाळ्यात नॅशनल सायन्स फाउंडेशनचा आरईयू नावाचा प्रकार असतो, छोट्या कॉलेजातली मुलं मोठ्या युनिव्हर्सिटीच्या लॅबमध्ये पगारी संशोधन करतात. लेकीच्या आईंनी तो नक्की लक्षात ठेवावा, मोठी यंत्रं बघायला मिळत नाहीत ही तक्रार तिथे बऱ्यापैकी मिटते. पण तो पैसा अमेरिकन नागरिक आणि ग्रीनकार्डवाल्यांसाठी असतो, भाच्याला नाही.

लेकीची_आई | १८ एप्रिल

सगळ्यांचे आभार, आकडेमोड यांचे विशेष, नवऱ्याने तो प्रतिसाद प्रिंट काढून फ्रिजवर लावलाय.

काय काय सापडलं ते लिहिते. स्कॉलरशिप फिक्सच निघाली, आणि जीपीएची अट २.७५ (हुश्श). ९९० मध्ये गेल्या ४ वर्षांपैकी २ वर्षं तूट आहे, पण एंडोमेंटची शिल्लक खाली आलेली नाही, किंचित वरच गेलीय. स्कोअर २ च्या वर. पहिल्या वर्षानंतर परत येणाऱ्यांचं प्रमाण ८१ टक्के. अ‍ॅक्रेडिटेशनला काही शेरा नाही. केमिकल सोसायटीच्या यादीत नाव आहे! नवऱ्याने फ्यूम हूडचं थेट विचारलं, तर त्या बाई म्हणाल्या मोटर बदलायचे पैसे पुढच्या बजेटात आहेत, तोवर मुलं पाळीपाळीने वापरतात. खोटं बोलल्या नाहीत एवढं बरं वाटलं.

लेकीने स्वतः ईमेल करून ५ वर्षांची यादी मागितली. आली, आणि मेलमध्ये तिला दोन माजी विद्यार्थ्यांशी जोडूनही दिलं. काहीजण पीएचडीला, काही फार्मा कंपन्यांत, दोघं हायस्कूलला शिकवतात, एकीने केमिस्ट्री सोडून कुत्र्यांची शाळा काढलीय असं बाईंनी प्रामाणिकपणे लिहिलं होतं. बायोकेमिस्ट्रीची लॅब मात्र एक वर्षाआडच. कुठल्या वर्षी काय घ्यायचं याचा चार वर्षांचा तक्ता तिने बाईंकडूनच करून घेतला, तिसऱ्या वर्षी परदेशी सेमिस्टर घ्यायचं असेल तर फक्त वसंतातलं जमतंय.

स्टेटमध्ये ऑनर्सला (निवडक मुलांसाठीच्या वेगळ्या कार्यक्रमाला) नाव लागलेलं नाही. ऑरगॅनिकच्या वर्गात साडेतीनशे मुलं, त्यांच्याकडून तशाच ईमेलला उत्तर आलं पण अ‍ॅडव्हायझिंग ऑफिसचं, ठराविक साच्यातलं. हा दोष नाही म्हणत मी, तिथे तेवढ्या मुलांना उत्तरं द्यायची असतात.

पैशांचं मात्र खटकतंय. स्कॉलरशिप वाढवून मागता येते का? कसंतरीच वाटतं हो मागायला.

आकडेमोड | १८ एप्रिल

मागा, बिनधास्त मागा. अपील हा तिथे रोजचाच प्रकार आहे. भावनिक पत्र नको, एक पान पुरे: स्टेटचं ऑफर लेटर जोडा, चार वर्षांचा फरक आकड्यांत दाखवा, "अमुक इतके वाढवलेत तर आज डिपॉझिट भरतो" असं स्पष्ट लिहा. एप्रिलच्या शेवटी त्यांच्याही जागा भरायच्या असतात. आणि स्टेटच्या एपी क्रेडिट्सचापण (हायस्कूलमध्येच केलेल्या कॉलेज-पातळीच्या कोर्सेसचे) हिशोब करा, तिथे एखादं सेमिस्टर वाचत असेल तर सगळं गणित फिरेल.

उंटावरचा_शहाणा | १८ एप्रिल

दोन वर्षं तूट आहे आणि तुम्ही अजून विचार करताय. धन्य.

मास्तर | १९ एप्रिल

काका, दोन वर्षं तूट ही आज छोट्या कॉलेजांची जवळपास सर्वसाधारण अवस्था आहे. सलग चार वर्षं तूट, त्यात घटत जाणारी शिल्लक, शिवाय मुलंही घटतायत, हे तिन्ही एकत्र आलं की मी माझ्या भाचीला नको म्हणेन. इथे तसं दिसत नाही.

लेकीची_आई | २६ एप्रिल

अपडेट. वर्षाला अडीच हजार वाढवून मिळाले, म्हणजे चार वर्षांचे १ लाख २७ हजारांच्या आत. स्टेटमध्ये एपीचे एक सेमिस्टरभर क्रेडिट्स बसतात खरे पण केमिस्ट्रीच्या कोर्सेसची साखळीच अशी आहे की त्याने लवकर सुटका होत नाही, विचारून घेतलं.

काल डिपॉझिट भरलं, छोट्या कॉलेजचं. नवरा शेवटपर्यंत ६०-४० होता, लेक पहिल्यापासून १००. सासूबाईंना फोनवर नाव तीनदा सांगितलं, त्या म्हणाल्या "असू दे, शिकते ना".

एकच विचारायचंय. उंटावरचे काका म्हणतात तसं उद्या खरंच काही झालं तर आजपासून काय काय जपून ठेवायचं?

उंटावरचा_शहाणा | २६ एप्रिल

अभिनंदन, लेकीला शुभेच्छा. स्टेटला आजच नाही कळवा, तुमच्या जागेसाठी कुणीतरी वेटिंगवर बसलंय.

आकडेमोड | २६ एप्रिल

प्रत्येक कोर्सचा सिलॅबस पीडीएफ करून स्वतःच्या ड्राइव्हवर, कॉलेजच्या खात्यावर नको, ते खातं बंद झालं की गेलं. ट्रान्सफर करताना समोरची युनिव्हर्सिटी सिलॅबस बघूनच क्रेडिट देते. लॅब रिपोर्टसुद्धा. दर सेमिस्टरनंतर ऑफिशियल ट्रान्सक्रिप्टची एक प्रत काढून ठेवा. नवा ९९० दर वर्षी येतो, साधारण वर्षभर उशिराने, तो नवऱ्याच्या नावावर लावून द्या. आणि कॉलेज कधी 'टीच-आउट' करार (बंद पडताना मुलांना दुसऱ्या कॉलेजात शिक्षण पुरं करू देण्याचा) असं काही म्हणालं तर ते पत्र नीट वाचा, कुठल्या कॉलेजात, कुठल्या मेजरमध्ये, किती क्रेडिट्स घेणार हे त्यात लिहिलेलं असतं.

झुंबर | २७ एप्रिल

शेड्यूल डी कुठे असतं ते कुणी सांगेल का, मी पहिल्या पानातच अडकलेय.

आकडेमोड | २७ एप्रिल

पीडीएफ उघडा, 'एंडोमेंट' शोधा, भाग ५. स्कॅन केलेली प्रत असेल तर शोधता येत नाही, मग हाताने पानं उलटा, बहुतेक मधोमध सापडतं.